दानीएलच्या ग्रंथातील राज्यस्वप्ने आणि ‘आनंदवनभुवनी’ : अर्थनिर्णयाचा एक प्रश्न

राजाने स्वप्न पाहावे आणि त्याचा अर्थ परमुलखातून आणलेल्या बंदिवानाने सांगावा, ही कथारचना हिब्रू धर्मग्रंथांत दोनदा ठळकपणे येते. ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात मिसरच्या फारोला योसेफ स्वप्नार्थ सांगतो; ‘दानीएल’च्या पुस्तकात बाबेलच्या नबुखद्नेस्सराला दानीएल सांगतो. दोन्ही ठिकाणी दरबारी ज्ञाते निष्प्रभ ठरतात. त्यामुळे या दोन कथा एकाच साच्यात बसविण्याचा मोह होतो. तथापि स्वप्नाचा विषय पाहिला की साम्य संपते. फारोच्या स्वप्नातील सात पुष्ट व सात रोड गाई, सात भरदार व सात करपलेली कणसे ही सुकाळ-दुष्काळाची चिन्हे आहेत. योसेफाच्या उलगड्याने फारोचे राज्य टिकते, किंबहुना बळकट होते. साठविलेले धान्य विकत घेता घेता प्रजेचा पैसा, जनावरे आणि अखेर जमिनीही राजाच्या होतात (उत्पत्ती ४७). दुष्काळात सरकारी कोठारे उघडून बहामनी सत्तेचा रोष ओढवून घेणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्या समाजाने कीर्तनांतून ऐकली आहे, त्याला योसेफाच्या कारभाराची ही बाजू खटकल्यावाचून राहणार नाही. दानीएलचे प्रकरण वेगळे. तेथील स्वप्न राज्याच्या अंताचे आहे, आणि ते राज्यकर्त्यालाच पडले आहे.

दुसऱ्या अध्यायातील हे स्वप्न सर्वपरिचित आहे. राजा केवळ अर्थ नव्हे, तर स्वप्नही तुम्हीच सांगा असा हट्ट धरतो. दानीएल ते सांगतो : सोन्याचे मस्तक, रुप्याची छाती व बाहू, पितळेचे पोट व मांड्या, लोखंडाचे पाय आणि लोखंड व माती मिसळलेली पावले असलेला एक महाकाय पुतळा, कोणाचाही हात न लागता सुटलेला एक पाषाण त्याच्या पावलांवर आदळतो, पुतळ्याचा भुगा होतो आणि पाषाणाचा पर्वत होऊन पृथ्वी व्यापतो. ग्रंथाचा हा भाग, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंतचा मजकूर, हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे. त्यातील दोन शब्द अर्थनिर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात : ‘राझ’ म्हणजे गूढ आणि ‘पशर’ म्हणजे उलगडा. ‘राझ’ हा शब्द इराणी भाषाकुलातून अरामीत आला. फारसीतून उर्दूत उतरलेला ‘राज’ तो हाच. निजामी राजवटीत उर्दू ही सरकारदरबारची भाषा म्हणून जिने वापरली, त्या मराठवाड्याला तो परका नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले समग्र बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु मराठी साहित्याच्या अभ्यासात या ग्रंथाचा वाङ्मय म्हणून विचार अभावानेच झालेला दिसतो.

दानीएलने केलेल्या उलगड्यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सोन्याचे मस्तक म्हणजे तू, असे तो राजाला स्पष्ट सांगतो. त्यानंतर मात्र दुसरे, तिसरे, चौथे अशी केवळ क्रमवाचके येतात. राज्यांची नावे येत नाहीत. आठव्या अध्यायातील मेंढा व बकरा यांच्या दर्शनात मेदी-पारसी व ग्रीक ही नावे प्रत्यक्ष दिली आहेत, हे खरे. पण दुसऱ्या आणि सातव्या अध्यायांतील चौथे राज्य शेवटपर्यंत अनामच राहते. ही मोकळी जागा प्रत्येक काळाने आपापल्या परीने भरली. इसवी सन ७० मध्ये यरुशलेम पडल्यानंतर रचलेल्या ‘एज्राच्या चौथ्या पुस्तका’त समुद्रातून वर येणारा गरुड हेच दानीएलचे चौथे राज्य, असे म्हटले आहे; एवढेच नव्हे, तर दानीएलला त्याचा अर्थ असा सांगितला नव्हता, अशी कबुलीही तेथे आहे. अर्थ बदलत असल्याची जाणीव परंपरेने स्वतःच इतक्या निःसंकोचपणे नोंदविल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. याच सुमारास रोममध्ये राहून यहुद्यांचा इतिहास लिहिणारा जोसीफस हे स्वप्न सविस्तर सांगतो आणि पाषाणापाशी येताच थांबतो. आपले काम घडून गेलेले सांगण्याचे आहे, होणारे सांगण्याचे नाही, असे कारण तो देतो. रोमच्या आश्रयाने लिहिणाऱ्या इतिहासकाराला पाषाण कोणावर पडणार हे लिहिणे सोयीचे नव्हते, हे उघड आहे.

तिसऱ्या शतकात पोर्फिरी या ग्रीक तत्त्वज्ञाने या ग्रंथाविषयी वेगळाच आक्षेप घेतला. हे भविष्यकथन नसून अंतियोख चौथा याच्या छळाच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात, घडून गेलेला इतिहास भविष्याच्या रूपात लिहिला आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. त्याचे प्रतिपादन टिकले ते जेरोमने त्याच्या खंडनार्थ लिहिलेल्या टीकेत. आधुनिक संशोधकांपैकी बहुतेकांनी ग्रंथाच्या अंतिम रचनेचा काळ पोर्फिरीप्रमाणेच मानला आहे. त्यांच्या मते चार राज्ये म्हणजे बाबेल, मेदी, पारसी व ग्रीक. या क्रमात इतिहासाच्या दृष्टीने अडचण आहेच. कारण कोरेशाने मेदी राज्य इसवी सनपूर्व ५५० च्या सुमारास आणि बाबेल ५३९ मध्ये घेतले, म्हणजे मेदी सत्ता बाबेलच्या आधीच संपली होती. परंतु काळ निश्चित झाला म्हणून अर्थ निश्चित होत नाही. छळाच्या काळात लिहिणाऱ्याने भूतकाळ भविष्यरूपात का सांगितला, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नासाठी मराठीतील जवळचा दाखला मराठवाड्यातील जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’ या प्रकरणाचा आहे. आनंदवन हे काशीचे नाव. रात्री स्वप्नात जे पाहिले तेच प्रत्यक्ष घडत आहे, अशा भूमिकेतून रामदास तेथे एका राज्याचा अंत आणि दुसऱ्या व्यवस्थेचा उदय वर्णितात. हे प्रकरण शिवराज्याभिषेकाशी (१६७४) जोडण्याचा प्रघात आहे. परंतु त्यात औरंगजेब नाव घेऊन बुडविला आहे, तोही भूतकाळवाचक क्रियापदाने. रामदासांचे निर्वाण शके १६०३ मधले. औरंगजेब त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १७०७ मध्ये, अहमदनगरजवळ वारला. श्रद्धावान वाचक यात त्रिकालज्ञान पाहतो, तर संशयी वाचक काव्यगत अतिशयोक्ती म्हणून ते बाजूला सारतो. दोघेही क्रियापदाकडे दुर्लक्ष करतात. दानीएलचा कर्ता घडलेले ‘घडेल’ म्हणून सांगतो, रामदास न घडलेले ‘घडले’ म्हणून सांगतात. दोघांच्या काळाची दिशा उलट आहे. कार्य मात्र एकच : समोर उभी असलेली, अजिंक्य भासणारी सत्ता ही संपणारी वस्तू आहे, हे प्रजेच्या मनावर ठसविणे. १६६९ मध्ये काशीचे विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेल्यानंतर त्याच काशीच्या नावाने असे स्वप्न सांगणे, यात केवळ भाविकता पाहणे पुरेसे नाही.

धातूंची उतरती श्रेणी पाहून मराठी वाचकाला चार युगे आठवतात. साम्य वरवरचे आहे. कलियुगानंतर पुन्हा कृतयुग येते, येथे पाषाण धातूंच्या मालिकेतलाच नाही.

नांदेड-लातूरच्या वाचकाला या पुतळ्याची कल्पना करण्यासाठी दूर जावे लागत नाही. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर, हे मत सामान्यतः मान्य आहे. त्यांच्या काळी वैभवास चढलेल्या कंधारजवळ मानसपुरी येथे महाकाय क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवयव आढळले आहेत. राष्ट्रकूट सत्ता ९७३ मध्ये कल्याणीच्या चालुक्यांपुढे संपली; पुढे यादव, बहामनी, बरीदशाही, मोगल आणि १७२४ पासून आसफजाही. इतकी तयार यादी हाती असल्यावर पुतळ्याच्या धातूंना नावे देण्याचा आणि १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाला पाषाण ठरविण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो टाळला पाहिजे, आणि याचे कारण मूळ संहितेतच आहे. पाषाणाला मानवी हात लागलेला नाही. हैदराबादचा मुक्तिसंग्राम मात्र माणसांनी केला : स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी, सरहद्दीवरील कॅम्पांतील तरुणांनी आणि अखेर भारतीय सैन्याने. त्याला पाषाण म्हणणे म्हणजे त्या माणसांचे श्रेय पुसणे. शिवाय त्यात दुसरेही काही पुसले जाते. रझाकारांच्या अत्याचारांनंतर, पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्या पाठोपाठ, मुस्लिम प्रजेवर जे हल्ले झाले त्यांची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत नांदेड आहे, उस्मानाबाद आहे, बीदर आहे. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते आणि उदगीर बीदरमध्ये. पाषाणाखाली फक्त पुतळाच भरडला जातो, असे स्वप्नात घडते.

स्वप्न ज्याला पडले त्यानेही हीच चूक केली, असे ग्रंथाची मांडणी सुचविते. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी नबुखद्नेस्सर दानीएलच्या पाया पडतो. तिसऱ्याच्या आरंभी तो साठ हात उंचीचा पुतळा उभारून सर्वांना त्यापुढे दंडवत घालावयास लावतो. हा पुतळा नखशिखांत सोन्याचा आहे. राजाने स्वप्नातील आपल्यापुरते मस्तक उचलले आणि त्याचाच पायापर्यंत विस्तार केला, असा अर्थ प्राचीन टीकाकारांनाही सुचला होता. दानीएलविषयी ग्रंथ काय सांगतो, हे यासंदर्भात पाहण्यासारखे आहे. आठव्या अध्यायाच्या शेवटी, राज्यांच्या नाशाचे दर्शन घडल्यानंतर, तो कित्येक दिवस आजारी पडतो, मग उठून पुन्हा राजाच्या कामाला लागतो. पाहिलेल्या दर्शनाने तो थक्क झालेला आहे, आणि त्याचा अर्थ त्याला कळलेला नाही.