घाट चढतां-उतरतां जुन्या जीपची ठिणगी

जळगांव समुद्रसपाटीपासून सुमारें २०० मीटर उंच. १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत असलेलें तोरणमाळ सुमारें ११५० मीटर. उंचीवर हवा विरळ असल्यामुळें सिलिंडरांतील मिश्रण सावकाश जळतें. म्हणून जुन्या विलीज पेट्रोल जीपला सपाटीवर ५ अंश आधीं पडणारी ठिणगी तेथें दोन अंश आणखी लौकर पडणें हितावह असतें.

परंतु उतरल्यावर ती पूर्ववत् करणें अवश्य आहे. आम्हीं एका वैशाखांत हें विसरलों. बियाण्याचीं पोतीं लादलेली गाडी चढावर खणखणूं लागली. आम्हीं दुर्लक्ष केलें, आणि पिस्टन फुटला. पेरणीच्या तोंडावर दुरुस्तीचा भुर्दंड बसला.

रीत अशी: प्रथम पॉइंटांचें अंतर तपासावें, कारण तें बदलल्यास ठिणगीची वेळहि बदलते. मग मूळ जागीं खूण करून डिस्ट्रिब्यूटरची पकड सैल करावी. रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेनें तो किंचित् फिरविल्यास ठिणगी लौकर पडते. त्याच दिशेनें फिरविल्यास उशिरां. इंजिन तापल्यावर चढावर परीक्षा घ्यावी.

एका दिवसाच्या फेरीसाठीं मात्र शेतकरी बंधूंनीं खूण हलवूं नये. थोडी शक्ति घटली तरी चालेल. पिस्टन गमावणें परवडणार नाहीं.