वडील कारखान्यावर, तरी ‘ऑन’ चूक

प्रश्न : आई-वडील ऊसतोडीला गेलेत. ‘वडील कारखान्यावर आहेत, दिवाळीपासून तिकडेच आहेत’ याचं इंग्रजी करताना मी ‘ऑन द फॅक्टरी’ लिहिलं. सरांनी ‘ऑन’ खोडून ‘अ‍ॅट’ केलं. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’च ना?
– एक विद्यार्थिनी, अकरावी, केज

उत्तर : वहीच्या मागच्या पानावर ‘वर म्हणजे ऑन, मध्ये म्हणजे इन’ अशी यादी असेल, तर ती आधी बाजूला ठेव. आपल्या शालेय व्याकरणाला दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६च्या पुस्तकापासून इंग्रजी वळण आहे. त्यामुळे प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. ते अर्धंच खरं आहे.

आपला ‘वर’ फार राबतो. पाटी भिंतीवर असते, पंखा डोक्यावर फिरतो, वडील कारखान्यावर असतात, आई तुझ्यावर रागावते. इंग्रजीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतलीत. पाटी भिंतीला टेकलीय, म्हणून ऑन. पंखा न टेकता वर आहे, म्हणून ओव्हर किंवा अबव्ह. रागाला विथ. आणि वडील कुठल्या ठिकाणी आहेत एवढंच सांगायचं, तिथे अ‍ॅट. ‘ऑन द फॅक्टरी’ म्हटलं की वडील कारखान्याच्या छपरावर उभे दिसतात.

तेच वडील फडात असतील तर ‘इन द फील्ड’, कारण चहूबाजूंनी ऊस आहे. ते कोयत्याने तोडतात, तिथे विथ. ट्रकने गेले, तिथे बाय. मराठीत दोन्हीकडे ‘ने’च. हातातलं हत्यार की वाहन, एवढं पाहा.

‘दिवाळीपासून’ला सिन्स, कारण सुरुवात कधी झाली ते कळतं. ‘चार महिन्यांपासून’ला फॉर, कारण ती मुदत आहे. पण खरी मेख क्रियापदात आहे. ‘ही इज’ नको, ‘ही हॅज बीन देअर सिन्स दिवाळी’ लिही. मराठीत ‘आहेत’ अगदी बरोबर असतं, म्हणून ही चूक कानाला खटकतच नाही. वर्गात तिच्यावर आणखी वेळ द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मुलं ‘डिस्कस अबाउट’ लिहितात. कसं समजावू?
– एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, असं सांगा. ‘डिस्कशन’ हे नाम आलं की मात्र ‘अबाउट’ चालतं. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा.