पंधरा जून सोपा असतो

उन्हाळी सुट्टी संपत आली की दहिवली-कर्जतच्या स्टेशनरीच्या दुकानांत शिक्षक लगेच ओळखू येतात. काखेत कार्डशीटची गुंडाळी, हातात स्केचपेनांचे पुडके आणि पाकीट स्वतःचे. तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर नोकरी करणारे कितीतरी जण या बाजूला बिऱ्हाड करून राहतात आणि सकाळी दुचाकीने डोंगराकडे निघतात. त्यांच्या या खरेदीला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र कार्डशीट आणली म्हणजे नव्या वर्षाची तयारी झाली, हा समज महागात पडतो.

दहिवलीत राहणाऱ्या एका शिक्षिकेला तो पडला. बदली होऊन त्या एका कातकरी वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत गेल्या होत्या. पहिली ते चौथी, चार वर्ग आणि दोन खोल्या. बाईंनी सुट्टीतच भिंती तक्त्यांनी भरल्या, वार्षिक नियोजन सुवाच्य अक्षरात उतरवले, घटकवार वेळापत्रक लावले. प्रवेशोत्सव झोकात झाला. फुले, खाऊ, नवी पुस्तके, पाहुण्यांची भाषणे, सगळे यथासांग. जुलै उजाडला तेव्हा ओल आलेल्या भिंतींवरून तक्ते सुटून लोंबत होते, पटावरची निम्मी मुले वर्गात नव्हती आणि तिसरीच्या बाकांवर बसलेल्यांपैकी काहींना अक्षरओळखही धड नव्हती. नियोजनाची वही मात्र तिसऱ्या घटकापर्यंत पोहोचली होती. ‘मी पंधरा जूनची तयारी केली होती, जुलैची केलीच नव्हती,’ असे त्या आता नव्याने रुजू होणाऱ्यांना सांगतात.

जुलैच का, हे बाहेरून आलेल्याला चटकन कळत नाही. कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. शाळा उघडते आणि पाऊस लागतो, दोन्ही जवळपास एकाच आठवड्यात. त्यापाठोपाठ भाताची लावणी येते, मोठी मुले आवणाच्या मुठी वाहायला किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. आणि याच सुमारास हजेरीपटावर नुसती नावे असलेली मुले प्रत्यक्षात परत आलेली असतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांची बरीच कुटुंबे आता दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या कामावर जातात ती पावसाच्या तोंडावर घरी येतात. म्हणजे ज्या मुलाला बाई जूनमध्ये ‘तिसरीचा’ म्हणून भेटतात, त्याची दुसरी अर्धीच झालेली असते.

म्हणून तयारीचे पहिले काम शाळेच्या खोलीत नसते, वाडीवर असते. शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात एक-दोन संध्याकाळी वाडीवर जावे. सकाळी जाऊन उपयोग नाही, माणसे कामावर गेलेली असतात. कोणते कुटुंब परतले, मूल कुठल्या भट्टीवर होते, तिथे जवळच्या शाळेत बसत होते का, घरी आता कोण आहे, एवढे चार प्रश्न पुरतात. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक दिले जाते. मूल ते घेऊन गेले असेल आणि दुसऱ्या शाळेने त्यात नोंद केली असेल, तर निम्मी माहिती आयती मिळते. नसेल तर आईवडिलांशी बोलण्याला पर्याय नाही. या बोलण्यात ‘पोराला का नेलेत?’ हा सूर लागला की पुढचे दार बंद, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वस्तीकडे शाळेने जायचे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. गुरे राखायला गेलेली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा होती. आज कुणा शिक्षकाला एवढी मोकळीक नाही. पण मूल दिवसभर कुठे असते, याची चौकशी करायला परिपत्रक लागत नाही.

दुसरे काम पुस्तक उघडण्याआधीचे. प्रत्येक मुलाला वेगळे बसवून वाचायला द्यावे: अक्षरे, मग सोपे शब्द, मग छोटा परिच्छेद, शेवटी लहानशी गोष्ट. ‘असर’ या वार्षिक शैक्षणिक पाहणीत २००५ पासून हीच उतरंड वापरतात आणि एका मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. सगळ्यांसमोर वाचायला लावू नये, अडखळणारे मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. निकाल हाती आला की भाषा-गणिताच्या तासांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करावेत. कोरोनानंतर १ जुलै २०२१ पासून राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम चालवला होता. भट्टीवरून आलेल्या मुलाला असा सेतू दरवर्षीच लागतो, तो शिक्षकानेच बांधायचा. वेळापत्रकात जुलैअखेरपर्यंत त्याला जागा ठेवली नाही, तर पुढे ती सापडत नाही.

भाषेचेही तसेच. कातकऱ्यांची घरची बोली वेगळी आहे आणि पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकी मराठी परकी वाटते. चौथीच्या दोन चुणचुणीत पोरींना हाताशी धरून पाणी, भूक, पोटदुखी, लघवी, भीती अशा गरजेच्या शब्दांची यादी बाईंनी वहीच्या मागच्या पानावर केली. सगळ्या तक्त्यांपेक्षा ती यादी जास्त कामी आली.

आता पावसाची बाजू. तक्ते थोडेच करावेत आणि भिंतीला चिकटवण्याऐवजी दोरीवर टांगावेत. पुस्तकांचे गठ्ठे नि पोषण आहाराचा तांदूळ फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावा. प्राथमिक वर्गांना दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर चाळीस मुलांना दिवसाला चार किलो होतो; एक पोते ओलावले की किती दिवसांचा घास गेला याचा हिशेब करून पाहावा. कौले, वायरिंग, पाण्याची टाकी, आवारातले गवत, यांची पाहणी मेमध्येच व्हावी. गवतात साप असतात, हे वाडीवर कुणाला सांगावे लागत नाही, शहरातून आलेल्या गुरुजींना लागते.

कोणते मूल कोणता ओढा ओलांडून येते, याचा एक साधा नकाशा काढावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यापासून या भागात अतिवृष्टीचा इशारा कोणी हसण्यावारी नेत नाही. सुट्टीचा आदेश मात्र रात्री उशिरा मोबाइलवर येतो आणि वाडीवर रेंज असेलच असे नाही. निरोप कोणाकडे द्यायचा, तो घरोघर कोण पोहोचवणार, हे जूनच्या पहिल्या पालकसभेतच ठरवावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात; सह्यांपलीकडे त्यांचा असा उपयोग होतो.

लावणीशी भांडू नये. त्या पंधरवड्यात नवा अवघड घटक घेतला, तर तो पुन्हा शिकवावा लागतो. त्याऐवजी मुले शेतावर जे करतात तेच वर्गात आणावे. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’सारख्या जाती इथूनच निघाल्या. एका मुठीत किती रोपे, एका वाफ्याला किती मुठी, कुणाच्या घरी कोणते बियाणे, यात गुणाकार आहे आणि परिसर अभ्यासही.

एवढे सगळे करायला वेळ कुठला, असे शिक्षक विचारतात आणि ते रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे आणि त्यात पूर्वतयारीचे तास मोजलेले आहेत. प्रत्यक्षात ते तास ऑनलाइन माहिती भरण्यात, आधारच्या दुरुस्त्यांत आणि बैठकांत जातात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण माहिती भरायला बसला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. निदान जूनमध्ये तरी आठवड्यातली एक दुपार फक्त तयारीसाठी राखायचे दोघांनी आपसात ठरवावे आणि केंद्रप्रमुखांच्या कानावर घालावे.

त्या बाईंची वही आता दोन भागांत असते. दुसरा भाग ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. दिवाळीनंतर कोणती घरे निघणार, आजी-आजोबांकडे कोणते मूल राहू शकेल, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कधी द्यायचा आणि कोणाच्या हाती हमी पत्रक द्यायचे, याच्या नोंदी त्यात असतात. गाडी भट्टीकडे निघण्याच्या आदल्या दिवशी पत्रके लिहायला बसले तर मुलांचे वाचन कुठवर आले हे घाईत सुटते, म्हणून ती सहामाही परीक्षेच्या आठवड्यातच भरून ठेवली जातात.