मसुरीचे माप

अभ्यासासाठी वाचन : उत्पत्ती २५:२९-३४; २ शमुवेल २३:११-१२; यहेज्केल ४:९-१६; लूक ६:३८



शुक्रवारी मांस वर्ज्य असते, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मसुरीची आमटी होते. ही साधी डाळ पवित्र शास्त्रात चार ठिकाणी आढळते. त्यांपैकी तीन प्रसंग आज आपण समजून घेऊ या आणि मग प्रभू येशूच्या शिकवणीकडे वळू या.

१. शेत

मसूर हे रब्बीचे पीक. पावसाळा संपल्यावर जमिनीत जी ओल राहते, तिच्यावरच ते बहुतेक वाढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेली मसूर साधारण चार महिन्यांनी काढणीला येते. झाड जेमतेम गुडघाभर आणि एका शेंगेत दाणे एक किंवा दोनच. काढणीला उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात. म्हणजे वाटीभर मसुरीमागे शेकडो शेंगा आणि कुणाचे तरी वाकून केलेले कष्ट असतात.

पलिष्टी लोक चालून आले तेव्हा अशाच एका मसुरीच्या शेतातून सर्व लोक पळाले. शम्मा मात्र शेताच्या मध्यभागी उभा राहिला आणि त्याने ते राखले. तो किल्ला नव्हता की मंदिर नव्हते. लोकांचे अन्न होते. शास्त्र सांगते की, त्या दिवशी परमेश्वराने मोठा विजय दिला. अन्न राखणे हेही देवाचे काम आहे, हा पहिला धडा.

२. ताट

एसाव रानातून दमून आला. याकोबाने मसुरीचे वरण शिजवले होते. एसावाने ते कशाचे आहे हे विचारले नाही; ते तांबडे मला दे, एवढेच म्हणाला. त्या एका जेवणासाठी त्याने ज्येष्ठपणाचा हक्क शपथेवर विकला. तो जेवला, पाणी प्याला, उठला आणि चालता झाला. आपण काय गमावले याचे त्याला काहीच वाटले नाही.

आपण नेहमी एसावाला दोष देतो आणि शास्त्रही देते. पण याकोबाकडेही पाहिले पाहिजे. भाऊ भुकेला होता आणि भांडे चुलीवर होते. भावाला वाढायचे सोडून त्याने भाव सांगितला. अडलेल्याला नाडणे म्हणतात ते हेच. एकाला मोल कळले नाही आणि दुसऱ्याने भुकेचे मोल केले.

३. माप

यहेज्केल संदेष्ट्याला देवाने गहू, जव, पावटे, मसूर अशी धान्ये एका भांड्यात मिसळून भाकर करायला सांगितले. यरुशलेमला वेढा पडणार होता, त्याची ती खूण होती. रोजचे माप होते वीस शेकेल, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २३० ग्रॅम. पाणीसुद्धा मोजूनच प्यायचे. अन्न तोलून आणि काळजी करीत खाण्याचे दिवस येतील, असे त्याला सांगण्यात आले. आजही किलोऐवजी पावशेर डाळ घेऊन तीत पाणी वाढवणारी घरे आहेत. त्यांना हे वचन समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच देवाचे नियमशास्त्र मापाविषयी कडक आहे. तराजू खरा असावा, वजन खरे असावे (लेवीय १९:३५-३६). माप लहान करून गरिबांना फसवणाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने खडसावले (आमोस ८:४-६). हा झाला न्याय. ठरले तेवढे पुरते द्यायचे.

प्रभू येशू मात्र त्याच्या पुढे जातो. आपल्याकडे १९५६च्या कायद्यानंतर हळूहळू किलोग्रॅम आले. त्याआधी धान्य शेर, पायलीने मोजत. माप भरल्यावर वरून हात फिरवला की ते सपाट होई. हात न फिरवता वर ढीग राहू दिला की ती झाली शीग. ‘शिगेला पोहोचणे’ हे आपण तिच्यावरूनच म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू अशाच मापाविषयी बोलतो. दाणे दाबून बसवलेले, हलवून आणखी जागा केलेली आणि तरीही वरून ओसंडणारे ते माप आहे. सपाट माप म्हणजे न्याय, शीग म्हणजे प्रेम. ज्या मापाने आपण देऊ त्याच मापाने आपल्याला मिळेल, असेही तो सांगतो.

४. आपले माप

गेल्या प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामात गरजू कुटुंबांसाठी डाळ-तांदूळ गोळा केले. पुष्कळांनी मनापासून दिले. परंतु पिशव्या भरताना काही डाळ कीड लागलेली निघाली. डब्याच्या तळाशी राहिलेली, घरी कुणी शिजवली नसती अशी ती होती. दोष आमचाही आहे. ‘जे जमेल ते आणा’ अशी सूचना आम्हीच वेदीवरून दिली होती. वजन पुरते भरले, पण ते माप खरे नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी आपण एवढेच करू या : ज्या डब्यातून आपली आमटी होते, त्याच डब्यातून द्यायचे. पाव किलो असो वा मूठभर, घरच्या ताटात वाढू तेच द्यायचे. आणि शक्य असेल त्याने वर थोडी शीग ठेवायची.

कुटुंबात विचार करण्यासाठी :

१. तात्पुरत्या भुकेसाठी आपण कोणती मोलाची गोष्ट सोडून दिली आहे?
२. कुणाच्या अडचणीचा आपण फायदा घेतला आहे का?
३. या आठवड्यात कुणाचे माप आपण शिगेने भरू शकतो?

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू