लहान ट्रॅक्टरवर घरगुती हत्यारपेटी कशी बसवावी

वापसा कोणासाठी थांबत नाही. पेरणीच्या ऐन घाईत शेतावर अवजार जोडावयास जावे, तो लिफ्टच्या दांड्याची लिंच-पिन हरवलेली आढळते. हत्यारे घरी राहिलेली असतात. अशा वेळी पुष्कळ शेतकरी पिनेच्या जागी तारेचा तुकडा, खिळा अथवा हाती लागेल तो बोल्ट घालून काम पुढे रेटतात. वेळ वाचल्यासारखे वाटते, परंतु हा मार्ग धोक्याचा आहे. तार तुटली म्हणजे दांडा अवजाराच्या खुंटीवरून निसटतो आणि अवजार एका अंगास कलून चाकावर आदळते. पी.टी.ओ.च्या शाफ्टवर असा उपाय करणे तर त्याहून घातक होय. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेणाऱ्या शाफ्टवरील बोल्टाच्या टोकात उपरणे किंवा पदर अडकल्यास माणसास मागे सरण्यास अवधीच मिळत नाही.

यास्तव योग्य पिन व योग्य पाना ट्रॅक्टरबरोबरच शेतावर गेला पाहिजे. त्यासाठी गावातील लोहाराकडून थोड्या खर्चात करून घेता येईल अशी पेटी व ती बसविण्याची रीत येथे दिली आहे.

जागेची निवड

पेटी कोठे बसवावी, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आसनाच्या मागे, लिफ्टच्या वर ती कधीही बसवू नये. दांडे वर उचलले असता पेटीवर आदळतात. शिवाय पाना काढण्यासाठी माणूस पी.टी.ओ.वर ओणवा होतो. चालक ज्या बाजूने चढतो-उतरतो ती बाजूही मोकळी ठेवावी. उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट असल्यास तिला छिद्र पाडू नये व वेल्डिंगही करू नये. तिची ताकद कमी होते.

बहुतेक लहान ट्रॅक्टरांवर पुढील बंपर अथवा वजने अडकविण्याची चौकट ही जागा सोयीची पडते. तेथे पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. रेडिएटरची जाळी, दिवे व नंबरपट्टी झाकली जाऊ नये.
२. बॉनेट पूर्ण उघडता यावे.
३. चाके दोन्ही बाजूंस पूर्ण वळविली असता पेटीस लागू नयेत. एक चाक बांधावर चढले म्हणजे पुढील आस तिरका होतो. तेव्हाही अंतर राहावे.
४. पेटी चाकांच्या बाहेर डोकावू नये. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत ओळींमधून फिरताना बाहेर आलेला कोपरा वेलीस व तारेस इजा करतो.

हे सर्व पाहण्यासाठी त्याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके बांधून ट्रॅक्टर हळू चालवून पाहावा. पुठ्ठा चेपला तर नुकसान नाही. मग पेटीचे माप बदलावे.

पेटीची बांधणी

४५ सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद व २० सें.मी. उंच पेटी पुरेशी होते. २ मि.मी. जाडीच्या पत्र्याची अशी पेटी रिकामी सुमारे ७ किलो भरते. झाकणाची कड चारी बाजूंनी दीड सें.मी. खाली वळवावी, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. तरीही आत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून तळास चार कोपऱ्यांत ८ मि.मी.ची छिद्रे ठेवावीत. मागील बाजूस बिजागऱ्या व पुढे कोयंडा बसवावा. धारा कानशीने घासून आतून-बाहेरून रेडऑक्साइड व त्यावर तेलरंग द्यावा.

बसविण्याची रीत

४० × ४० × ५ मि.मी. अँगलचे दोन तुकडे आधार म्हणून घ्यावेत. बंपरला अथवा चौकटीला कारखान्यातून आलेली छिद्रेच शक्यतो वापरावीत. ती जुळत नसल्यास यू-बोल्टने आवळावे. ट्रॅक्टरच्या ओतीव भागास नवे छिद्र पाडू नये. वेल्डिंग करावयाचे ते अँगल खाली काढूनच करावे. ट्रॅक्टरवर केल्यास वीजप्रवाहाने बॅटरी व विजेची जोडणी बिघडण्याचा संभव असतो.

पेटी व अँगल यांमध्ये जुन्या टायरच्या रबराची पट्टी घालावी. चार १० मि.मी. बोल्ट पेटीच्या आतून खाली सोडावेत. आत रुंद चकती व खाली लॉकनट लावावा; साधा नट ट्रॅक्टरच्या हादऱ्याने सुटतो. रबर दबत असल्यामुळे पहिल्या दिवसाच्या कामानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत व पुढे ग्रीस देण्याच्या वेळी तपासावेत.

पेटीत काय असावे

दुहेरी पाने, पक्कड, पेचकस, हातोडी, हवा मोजण्याचे मापक, फ्यूज व कापडाचे फडके असावे. लिफ्टच्या दोन खालच्या दांड्यांच्या व टॉप लिंकच्या लिंच-पिना प्रत्येकी एक जादा ठेवावी. अवजारास शिअर बोल्ट असल्यास त्याच मापाचे व त्याच प्रतीचे दोन बोल्ट ठेवावेत. हा बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठीच असतो. त्या जागी कठीण बोल्ट घातल्यास बोल्ट राहतो व गिअर मोडतो.

किंतानाला खण शिवून त्यात हत्यारे गुंडाळून ठेवावीत. खडखडाट होत नाही आणि काम संपल्यावर रिकामा खण पाहताच कोणते हत्यार राहिले ते कळते. विसरलेला पाना अवजारावर राहिला तर फिरत्या भागात सापडून उडतो. कीटकनाशक, इंधन, काडेपेटी किंवा शिदोरी या पेटीत कदापि ठेवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर अशी पेटी बसवून प्रात्यक्षिक दाखवावे. त्या वेळी जमलेल्या प्रत्येकास आपापल्या ट्रॅक्टरच्या पिना तपासावयास सांगावे. जेथे तार अथवा खिळा आढळेल तेथे तो त्याच दिवशी काढून योग्य पिन घालावी. पेटी बनण्यास आठवडा लागला तरी चालेल. पिन बदलण्यास मात्र दुसरा दिवस उजाडू देऊ नये.