स्लॅबला छिद्र पाडण्यापूर्वी

शाळेच्या वर्गात पंखा बसवावयाचा असतो, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर सौरपट्ट्यांचा सांगाडा उभारावयाचा असतो किंवा आरोग्य उपकेंद्राच्या छतातून पाण्याचा नळ न्यावयाचा असतो. काम अर्ध्या दिवसाचे असते. कारागीर शिडीवर चढतो, ड्रिल यंत्र चालू करतो आणि छिद्र पाडून मोकळा होतो. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही आणि म्हणूनच या कामातील धोका कोणाच्या ध्यानात येत नाही. बाहेरून दगडासारखा भरीव दिसणारा स्लॅब आतून तसा नसतो, ही गोष्ट काम सांगणाऱ्याने आणि करणाऱ्याने प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

स्लॅबच्या पोटात काय असते?

काँक्रीट दाब उत्तम प्रकारे सोसते. ताण मात्र त्यास सोसवत नाही. म्हणून जेथे ताण पडतो तेथे लोखंडी सळ्या घातलेल्या असतात. साध्या खोलीच्या छतात मुख्य सळ्या खालच्या अंगास असतात. भिंतीबाहेर काढलेल्या सज्जात मात्र त्या वरच्या अंगास असतात. सज्जावर वरून छिद्र पाडणे म्हणजे त्याच्या मुख्य आधारावरच घाव घालणे होय. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे सौम्य हवामानात सळईवर किमान २० मिलिमीटर आणि समुद्रकाठच्या उघड्या बांधकामात ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण अपेक्षित आहे. याचा अर्थ असा की, ५० मिलिमीटरांचे साधे छिद्रदेखील सळ्यांच्या थरापर्यंत पोहोचते. सळई कापली गेली तर स्लॅबचे बळ घटते. ती केवळ उघडी पडली तरी तेथून पाणी मुरते, सळई गंजते, फुगते आणि कालांतराने छताचे पोपडे खाली पडू लागतात.

दुसरा धोका विजेचा. स्लॅब ओतण्यापूर्वी सळ्यांच्या जाळीवर विजेच्या तारांच्या नळ्या अंथरल्या जातात. त्या नेहमी सरळ रेषेत जातातच असे नाही. लोखंडी शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील यंत्र २३० व्होल्टच्या तारेस भिडले, तर काय घडेल हे सांगावयास नको.

तिसरा धोका मोठी सभागृहे, बहुमजली वाहनतळ व पूल यांत आढळतो. तेथे पूर्वप्रतिबलित काँक्रीट वापरलेले असू शकते. त्यातील १२.७ मिलिमीटर जाडीची, सात तारांची एक पोलादी दोरी सुमारे १४ टनांच्या ताणाने ओढून धरलेली असते. ती तुटली तर इमारतीस आणि जवळच्या माणसास, दोघांसही धोका संभवतो.

शोध कसा घ्यावा?

चुंबकीय तत्त्वावर चालणारे हातातील साधे यंत्र लोखंडाची चाहूल देते. सळ्यांची जागा व साधारण खोली त्यावरून कळते. परंतु प्लॅस्टिकची नळी त्यास दिसत नाही. वीजशोधक यंत्र तारेत वीज खेळत असतानाच इशारा देते. त्यामुळे आधी वीज बंद करून मग शोध घेणे व्यर्थ होय.

जमिनीच्या तपासणीसाठी वापरले जाणारे रडार लहान रूपात काँक्रीटसाठीही वापरतात. पृष्ठभागावरून ते फिरविले असता त्याच्या विद्युतचुंबकीय लहरी आत शिरतात आणि सळई, नळी किंवा पोकळी यांवर आदळून परत येतात. लहर परत येण्यास लागलेल्या वेळावरून खोली काढता येते. प्लॅस्टिकची नळीही यात आढळू शकते. तथापि ओल्या काँक्रीटमध्ये लहरी क्षीण होतात आणि दाट सळ्यांच्या आड दडलेली वस्तू नजरेतून सुटू शकते. क्ष-किरणांनी चित्र अधिक स्पष्ट मिळते. मात्र स्लॅबच्या दोन्ही बाजू मोकळ्या लागतात आणि किरणोत्सर्गामुळे ते काम परवानाधारक तज्ज्ञांनीच करावयाचे असते. यंत्राने काही दाखविले नाही, यावरून तेथे काहीच नाही असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

कामाचा क्रम

प्रथम इमारतीचा बांधकाम नकाशा व वीजजोडणीचा नकाशा पाहावा. नंतर ठरलेल्या जागेभोवती आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी यंत्र फिरवून सळ्या आणि नळ्या खडूने स्लॅबवरच आखाव्यात. छिद्राची जागा त्यांपासून दूर घ्यावी. त्यानंतर मुख्य स्विच बंद करावा, तो कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी आणि वीज गेल्याची खात्री टेस्टरने करून घ्यावी. ड्रिलसाठी लागणारी वीज अन्यत्र सुरक्षित जोडणीवरून घ्यावी. ड्रिलला खोलीची मर्यादा लावावी. लोखंड लागल्याचे जाणवताच हात थांबवावा. जोर लावून पुढे जाऊ नये. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांस घातक असल्याने योग्य मुखपट्टी व चष्मा आवश्यक आहे. पूर्वप्रतिबलित बांधकामाची नुसती शंका आली, तरी अभियंत्याच्या लेखी संमतीवाचून काम करू नये.

पुष्कळदा छिद्र टाळताही येते. सौरपट्ट्यांचा सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभा करता येतो. मात्र छतास तो भार पेलवेल काय आणि सांगाडा वाऱ्यास टिकेल काय, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते.

जबाबदारी कोणाची?

शिडीवर कारागीर चढतो, पण कामाचा आदेश मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी किंवा सरपंच देतात. अंदाजपत्रकात तपासणीसाठी एक ओळ नसेल, तर कारागीर ती स्वतःच्या खर्चाने करील अशी अपेक्षा धरता येत नाही. तेव्हा ती तरतूद आरंभीच करावी. काम पूर्ण झाल्यावर आत काय आढळले आणि छिद्र कोठे पाडले, याचा आराखडा दप्तरी ठेवावा. दहा वर्षांनी त्याच छताखाली दुसरा कारागीर शिडी लावील. त्याच्या हाती तो कागद असला, तर त्याला अंधारात छिद्र पाडावे लागणार नाही.