अनोळखी गणिताला सामोरे जाताना

पाठ्यपुस्तकात सोडवून दाखविलेल्या उदाहरणासारखेच उदाहरण पुढे आले, की माध्यमिक शाळेतील विद्यार्थी ते झरझर सोडवितो. प्रश्नाची मांडणी थोडी बदलली, की तोच विद्यार्थी ‘हे आम्हाला शिकविलेले नाही’ असे म्हणून लेखणी खाली ठेवतो. येथे उणीव बुद्धीची नसते, सवयीची असते. आणि सवय लावता येते.

एक साधे उदाहरण घेऊ. खो-खोच्या स्पर्धेत ३७ संघ उतरले आहेत. हरलेला संघ बाद होतो आणि प्रत्येक सामना निकाली ठरतो. विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील? बहुतेक विद्यार्थी प्रथम सूत्र आठवू पाहतात. काहीजण फेऱ्या मांडतात. पहिल्या फेरीत १८ सामने होतात व एका संघाला पुढे चाल मिळते. त्यानंतर ९, ५, २, १ आणि १. बेरीज ३६ येते. उत्तर बरोबर आहे. परंतु ते ३६ च का, हे कळत नाही.

आता संघांची संख्या लहान करून पाहावी. दोन संघांना एक सामना, तीन संघांना दोन, चार संघांना तीन. सामने संघांपेक्षा एकाने कमी भरतात. एवढ्यावर न थांबता कारण शोधले, की उलगडा होतो : प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो, ३७ पैकी ३६ बाद व्हावयाचे आहेत, म्हणून सामने ३६. संघ एक हजार असले, तरी आता फेऱ्या मांडण्याची गरज नाही.

प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि उत्तराकडे पुन्हा वळून पाहणे, अशा चार पायऱ्या गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितल्या आहेत. यांतील शेवटची पायरीच वर्गात बहुधा गाळली जाते.

पुण्यात या दृष्टीने झालेले कार्य उल्लेखनीय आहे. गणितज्ञ डॉ. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये येथे भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. संशोधनाबरोबरच शालेय विद्यार्थ्यांना गणित ऑलिंपियाडसाठी मार्गदर्शन करण्याचे कामही या संस्थेने केले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारत १९८९ पासून भाग घेऊ लागला आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईत भरली. या स्पर्धेत दोन दिवसांत अवघे सहा प्रश्न असतात. तीन प्रश्नांसाठी साडेचार तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास.

दीड तासाचा हा हिशेब शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. निवडक, हुशार विद्यार्थ्यांनाही जेथे एवढा अवधी दिला जातो, तेथे सामान्य विद्यार्थी दहा मिनिटे अडला, तर तो अपयशी ठरत नाही. अशा वेळी त्याला लगेच रीत सांगू नये. ‘लहान संख्या घेऊन पाहिलेस का?’ एवढेच विचारावे. आठवड्यातून एक तास जरी अशा प्रश्नांसाठी राखला, तरी अनोळखी गणिताची भीती हळूहळू ओसरेल.